उसनी फुंक

खात्यातून बाहेर पडून बरीच वर्षं झाली. आता लग्नकार्यात सनई सुरू झाली, की बाकीचे लोक सूर ऐकतात आणि मी वाजवणाऱ्याच्या नाकाकडं बघत बसतो. बायको कोपर मारते. "अहो, असं टक लावून काय बघता? चोर आहे का तो?" चोर नसतो बिचारा. पण तुळजापूर तालुक्यातल्या एका ठाण्यात असताना हाताळलेलं एक प्रकरण अजून माझी पाठ सोडत नाही, आणि ते प्रकरण उलगडलं ते एका माणसाच्या नाकामुळं. नाव कुणाचंच सांगणार नाही. त्यातली बरीच माणसं अजून त्याच गावांत राहतात.

आमचं ठाणं सोलापूर रस्त्याला लागून. वर्षभर बांधाची भांडणं, रस्त्यावरचे अपघात, आणि नवरात्र जवळ आलं की बंदोबस्त. हद्दीत एक लहान कारखाना होता. बोअर पाडायच्या गाडीला जो बिट असतो, त्याच्या तोंडाशी टणक धातूची बटणं बसवलेली असतात, दगड फोडायला. ती बटणं इथं घडवायची आणि चाकावर घासायची. आमच्याकडं पाणी इतकं खोल गेलंय की बोअरची गाडी दिसली नाही असा दिवस जात नाही, त्यामुळं कारखान्याला कामाचा तोटा नव्हता. घासताना बारीक करडी भुकटी उडायची. पाळी सुटली की माणसं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसायची, फक्त पीठ काळपट.

नवरात्र तोंडावर आलं होतं. सकाळच्या पाळीला निघालेला या कारखान्यातला एक घासणी कामगार फाटकात दम लागून खाली बसला, तो उठलाच नाही. ग्रामीण रुग्णालयात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली, मरणोत्तर पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. इथपर्यंत नेहमीचंच काम. अशा नोंदी महिन्याला होतात आणि बहुतेक वेळा 'जुना दमा होता' या वाक्यावर मिटतात.

दुपारी मयताची बायको ठाण्यात आली. तिला सगळे आक्का म्हणत, मीही तसंच म्हणतो. सोबत तिचा धाकटा भाऊ होता. तोही त्याच कारखान्यात कामाला, पण माल बांधायच्या खात्यात. भाऊ मान खाली घालून उभा. आक्का रडत नव्हती. तिनं सरळ माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकले.

"साहेब, दम्यानं मेला असं लिवू नका. ह्या कारखान्यात जायच्या आदी आमचं माणूस विहिरीतली मोटर एकट्यानं वर काढत व्हतं. त्या भुकटीनं खाल्लं त्यास्नी."

"आक्का, आमच्या हातात काही नाही. डॉक्टर सांगतील ते आम्ही लिहिणार."

"मग डॉक्टरला नीट बघाया सांगा. माझा धाकटा दीर अजून त्याच चाकावर बसतोय. लई खोकतोय. आज तुमी खरं लिवलं न्हाय, तर उद्या त्यालाबी असाच गाडीत घालून आणावा लागंल."

तिचं म्हणणं मला पटलं असं नाही. दुःखात माणूस कुणाला तरी धरतो, हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं. पण ती गेलेल्या माणसाइतकीच जिवंत माणसाबद्दल बोलली होती, ते माझ्या ध्यानात राहिलं. संध्याकाळच्या आत मी कारखान्यात गेलो.

मॅनेजर हसतमुख गृहस्थ. मी खुर्चीत टेकतोय तोवर चहा आला, बिस्किटं आली. खात्यातला एक अनुभव सांगतो: पोलीस येणार हे ज्याला आधीच ठाऊक असतं, त्याचा चहा लगेच येतो.

"साहेब, आम्ही कामगारांची काळजी घेतो," तो म्हणाला. "दर वर्षी तपासणीची गाडी येते. प्रत्येकाला मशीनमध्ये जोरात फुंकायला लावतात, त्यावरून छातीचा दम कळतो. यांचा अहवाल बघा. उन्हाळ्यातच तपासलंय. पैलवानाची निघावी अशी फुंक आहे." त्यानं कागद पुढं सरकवला. कागद खरा होता, शिक्का खरा होता.

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन मी वैद्यकीय अधिकारी बाईंकडं गेलो. त्यांनी नुकतंच शवविच्छेदन आटोपलं होतं. हात पुसत त्या म्हणाल्या, "फुफ्फुस बोटानं दाबलं तर स्पंजासारखं दबायला पाहिजे. हे दबतच नाही. आतून घट्ट होऊन गेलंय. धातूची भुकटी श्वासातून जात राहिली की असं होतं. पक्कं मत मोठ्या प्रयोगशाळेतून येईल, पण हे दोन-चार महिन्यांचं काम नाही."

मी अहवाल दाखवला. त्यांनी तो वाचला, आणि हसल्याच.

"या माणसाला उन्हाळ्यात चूलसुद्धा फुंकता आली नसती. मी फुफ्फुस बघितलंय, साहेब. कागद तुम्ही बघा."

मग माझा संशय साहजिकच तपासणीच्या गाडीवर गेला. बसल्या जागी अहवाल छापून देणारे महाभाग आपल्याकडं कमी नाहीत. गाडीवरच्या तंत्रज्ञाला समजपत्र देऊन बोलावलं. घाबरलेला पण सरळ माणूस निघाला. त्याच्या मशीनमधल्या नोंदी काढून तपासल्या. फुंका खऱ्याच होत्या, कुणीतरी खरोखर फुंकल्या होत्या.

"समोर आलेल्या माणसाची फुंक मी मोजली, सर. हातात त्याचं कार्ड होतं."

"कार्डावर फोटो नसतो?"

"असतो, पण भुकटीनं पार घासून गेलेला. सगळ्यांच्या डोक्याला टोप्या, गळ्यात फडकी, तोंडं एकसारखी करडी. मी नळी बदलतो आणि काट्याकडं बघतो. तोंडाकडं कोण बघतं?" मग तोच म्हणाला, "एक वाटलं होतं मला. घासणीवाले सगळेच दमदार निघाले. म्हटलं, गावाकडची माणसं, दूधदुभतं खात असतील."

दूधदुभतं! मी कपाळाला हात लावला. पण एवढं कळलं, की बनवाबनवी कागदात नव्हती, मशीनसमोर उभ्या राहिलेल्या माणसात होती.

कारखान्याच्या फाटकासमोर एक चहाची टपरी होती. टपरीवाला आमच्या हवालदाराचा जुना खबऱ्या. हवालदारानं त्याला दोन दिवस घोळात घेतलं, तेव्हा तो एवढंच बोलला, "फुंकायची मशीन आली की त्या दिशी एकच माणूस घडीघडी भाईर येऊन पाणी पितोय. दर बारीला टोपी निराळी."

"नाव सांग की."

"नाव न्हाय सांगायचो. चांगला माणूस हाय. गिऱ्हाईक हाय माझं."

आता घासणीच्या सगळ्या माणसांना जबाबासाठी ठाण्यात बोलावलं. आक्काचा दीरही त्यात होता. एकेकाला आत घेऊन विचारलं, दरडावून विचारलं, चहा पाजून विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर: "आमाला काय ठावं न्हाय साहेब. आमीच फुंकलाव." भीतीनं गप्प बसलेला माणूस दाराकडं बघतो, हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी कळतं. ही माणसं दाराकडं बघत नव्हती, एकमेकांकडं बघत होती. अशांना दरडावून उपयोग नसतो. त्यांची एकी अजून घट्ट होते.

मी वैतागून व्हरांड्यात आलो. आक्का बाकावर बसलेली, शेजारी भाऊ. ती जबाबाला आली की तो सोबत असायचाच. टेबलावर हवालदारानं नवरात्राच्या बंदोबस्तासाठी एक मशीन चार्ज करून ठेवली होती, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना फुंकायला लावतो ती. तिचा एक स्वभाव आहे. तिला फुंक सलग लागते. मधे तुटली, की ती टीं टीं करते आणि फुंक मान्य करत नाही. मी तिच्याकडं बघत उभा राहिलो आणि म्हणालो, हवालदार, आणा त्यांना बाहेर.

"दारू पिऊन कोण कोण आलंय, ते बघायचंय," मी जाहीर केलं. भरदिवसा हे ऐकून दोघं-तिघं हसले. हसू फार वेळ टिकलं नाही. पहिला आला, फुंकला, खोकला, मशीन टीं टीं. दुसऱ्याचं तेच. चाळिशीच्या आतली माणसं, दंड बघावेत तर कमावलेले, आणि एवढ्याशा नळीत धड फुंक जाईना. आक्काच्या दिरानं पुन्हा पुन्हा प्रयत्न केला आणि शेवटी भिंतीला धरून उभा राहिला. मला फार वाईट वाटलं. तपासात असं वाटून घेऊ नये म्हणतात, पण वाटलं.

आमचा हवालदार थट्टेखोर. वातावरण हलकं करावं म्हणून तो बाकावरच्या भावाला म्हणाला, "या पाव्हणं, तुमीबी फुंका. प्रसाद वाटतोय."

भाऊ उठला आणि फुंकला. मशीननं शिट्टी देऊन फुंक मान्य केली. तरी तो फुंकतच राहिला. गाल फुगलेले, तोंडातून वारा बाहेर चाललेला, आणि त्याच वेळी नाकपुड्या आत ओढल्या जात होत्या. माणूस नाकानं श्वास घेत होता आणि फुंक तुटत नव्हती.

"आरं बास की!" हवालदार ओरडला. "सनई हाय व्हय ती?"

त्यानं नळी तोंडातून काढली आणि ओशाळून हसला. "सवय हाय ओ. आमच्या बापाचा सनईचा ताफा हाय. म्या सूर धरतो."

सनईच्या ताफ्यात एक जण गाणं वाजवतो आणि दुसरा मागं नुसता सूर धरून ठेवतो. हा सूर लग्न लागेपर्यंत तुटता कामा नये. तुटला तर ताफ्याची अब्रू जाते. म्हणून सूर धरणारा गालात वारा साठवतो आणि नाकानं श्वास घेत राहतो. हे मला माहीत होतं, पण तेव्हा सुचलं ते एवढ्यामुळंच नाही. व्हरांड्यात खाकरणारी सगळी माणसं एकदम गप्प झाली होती आणि प्रत्येकाची नजर जमिनीकडं गेली होती. टपरीवाल्याचा चांगला माणूस माझ्यासमोर उभा होता.

त्याला एकट्याला खोलीत घेतलं. दार लोटून घेतलं, पण कडी लावली नाही.

"घासणीवाल्यांच्या नावानं तू फुंकतोस," मी म्हणालो.

"न्हाय साहेब."

"बरं, नाही तर नाही. मग ऐक. एका बाजूला डॉक्टर म्हणतात, तुझ्या दाजींची छाती उन्हाळ्याआधीच गेली होती. दुसऱ्या बाजूला शिक्क्याचा कागद म्हणतो, उन्हाळ्यात छाती पैलवानाची होती. उद्या कारखान्याचा वकील हाच कागद उभा करणार. आक्का खोटी पडणार. दीर पुन्हा चाकावर बसणार. तुला हेच पाहिजे असलं तर जा घरी."

तो गेला नाही. खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडला. मी रडू दिलं. अशा वेळी पाण्याचा पेला पुढं करायची घाई करू नये. माणूस पाणी पिऊन सावरतो आणि पुन्हा खोटं बोलतो.

मग त्यानं सांगितलं. काही वर्षांपूर्वी तपासणीत एका कामगाराची फुंक कमी भरली. मॅनेजरनं त्याला दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं. इलाज नाही, बदली काम नाही, काही नाही. पुढच्या तपासणीला दाजी याच्याकडं आले. "म्हनले, माझी फुंक जराशी कमी पडतीय, तेवढी तू मार. घरात पीठ-मीठ नसलं तर शेजारी उसनं देतोच की साहेब. तशी दिली. मग बाकीचे आले. एकाला दिली आन् दुसऱ्याला न्हाय कसं म्हनू?"

"काही घेतलंस?"

"च्या पाजायचे. टोपी ज्याची त्याची घालायचो."

"दाजी इतके खोकत होते, दिसत नव्हतं तुला?"

"दिसायचं की. पर मागच्या नवरात्रात कारखाना बंद हुता तवा दाजी सुधारले. चालत तुळजापूरला जाऊन आले, माझ्या बरोबरीनं. आमी म्हनलं, आईनं बरं केलं. जगदंबेचा अंगारा लावून परत कामाला गेले. पंधरवड्यात पुन्हा तेच."

डॉक्टर बाईंनी मला नंतर समजावलं, की या आजाराची सुरुवात अशीच फसवी असते. भुकटीपासून लांब गेलं की जरा बरं वाटतं, परत गेलं की वाढतं. घरातल्यांना वाटलं देवीनं बरं केलं. खरं तर सुट्टीनं बरं केलं होतं, आणि तेव्हाच तो माणूस चाकापासून कायमचा लांब राहिला असता, तर कदाचित आज असता.

"मॅनेजरला माहीत होतं?" हा माझा खरा प्रश्न होता.

त्यानं डोळे पुसले. "यंदा तपासणीच्या दिशी माझी लग्नाची सुपारी हुती. रजा मागाया गेलो. मॅनेजर साहेब हसले. म्हनले, येडा का काय, आज तर तुझंच काम हाय. माल बांधायला धा मानसं हायत, साहेब. माझं कसलं काम?"

इथं प्रकरण फुटलं. पुढं दुसऱ्या कामगारांनीही मॅनेजरचं ते बोलणं ऐकल्याचं सांगितलं, आणि कारखाना निरीक्षकांना सोबत घेऊन आम्ही घासणी खात्याचा पंचनामा केला. भुकटी ओढून घेणाऱ्या पंख्याच्या पिशव्या फाटलेल्या होत्या. पंखा फक्त बाहेरचे साहेब लोक आले की सुरू व्हायचा.

पण त्या दिवशी जबाबावर सही व्हायची होती. भाऊ म्हणाला, "आक्काला तुमी सांगा साहेब. माझ्यानं न्हाय व्हायचं."

"ती तुझी बहीण आहे, माझी नाही," मी म्हणालो. "तूच सांगायचं."

आक्काला आत बोलावलं. त्यानं सगळं सांगितलं, तिच्या पायांकडं बघत. मला वाटलं होतं ती त्याला मारेल, निदान शिव्या तरी देईल. तिनं दोन्हीपैकी काही केलं नाही. तिनं दारात उभ्या असलेल्या हवालदाराला विचारलं, "माझ्या दिरानं फुंकलं का आज?"

"फुंकलं, आक्का."

"मशीन काय म्हनली?"

"नुसती टीं टीं केली, आक्का." आक्कानं मान हलवली आणि ती भावाकडं वळली.

"आक्का, म्या दाजीला वाचवाया..."

"ठावं हाय मला. म्हनून तर तुझं तोंड बघवंना." तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "ऊठ. ज्याच्या ज्याच्या नावानं फुंकलास त्याच्या त्याच्या दारात जायचं. बाईमानसाला भाईर बोलवायचं आन् सांगायचं, तुमच्या मानसाच्या नावानं म्या फुंकलो, ती फुंक खोटी हाय, त्याला दवाखान्यात न्या. समद्यांचं झालं की मग माझ्या दारात ये. तवर येऊ नको."

तो गेला. आठवडाभर पाळी सुटली की गावोगाव हिंडत होता. एका घरी त्याच्या अंगावर चप्पल फेकली, दुसऱ्या घरी म्हातारीनं त्याचीच दृष्ट काढली, कशासाठी ते तिलाच ठाऊक. काही पुरुषांनी तर, आमची भाकर घालवतोस का, म्हणून गचांडी धरली. पण बायकांनी ऐकलं. नवऱ्याचा खोकला रोज ऐकत होत्या त्या. सरकारी रुग्णालयात फेरतपासणी ठरली, तेव्हा पुरुषांना घेऊन त्याच आल्या.

त्या भावाला आरोपी करायचं की साक्षीदार, यावर सरकारी वकिलांशी बराच खल झाला. शेवटी साक्षीदार केलं. मॅनेजर आणि मालकावर हयगयीनं मृत्यूला कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल झाला. मी निवृत्त झालो तेव्हा खटला चालूच होता, आजही तारखा पडतायत म्हणे. एक मात्र झालं. प्रयोगशाळेचं मत आलं, आणि मृत्यूचं कारण 'दमा' असं न लिहिता, कामातल्या भुकटीनं झालेला फुफ्फुसाचा आजार असं लिहिलं गेलं. त्यामुळं आक्काच्या पेन्शनचा मार्ग मोकळा झाला. चाकावरची आजारी माणसं उठवून इलाजाला लावणं भाग पडलं.

तरुण अधिकारी भेटले की विचारतात, या केसमधून काय शिकलात? आम्हाला प्रशिक्षणात सांगायचे, खोटं कुणाच्या फायद्याचं आहे ते शोधा, खोटारडा आपोआप सापडतो. इथं खोटं ज्याच्यासाठी बोललं गेलं तोच मेला होता, आणि बोलणारा त्याच्या बायकोला सोबत म्हणून रोज ठाण्यात येत होता. मालकाचा फायदा मला दिसत होता, म्हणून मी कागद आणि शिक्के तपासत राहिलो. मायेपोटीही माणसं कटकारस्थान करतात, आणि तसला कट फोडायला जास्त जड जातो. एवढंच सांगतो मी त्यांना.

पण मला जास्त आठवते ती फेरतपासणीची सकाळ. आक्काला एका कागदावर सही द्यायची होती, म्हणून मी हवालदाराबरोबर तिच्या घरी गेलो होतो. रुग्णालयाची जीप वेशीत उभी होती. आक्का उंबऱ्यात बसलेली, दीर आत खोकत होता. भाऊ अंगणात आला आणि चप्पल काढून उभा राहिला.

"झालं का समद्यांचं?" आक्कानं विचारलं.

"झालं."

"समद्यांचं?"

तेव्हा त्याला कळलं, हे दार राहिलं होतं. त्यानं हात जोडले आणि घरोघर म्हटलेलं तेच वाक्य म्हणायला लागला. "तुमच्या मानसाच्या नावानं म्या फुंकलो. ती फुंक खोटी हाय. त्याला..."

पुढचं त्याला म्हणता येईना. सबंध लग्नभर सूर धरणारा तो माणूस, उरलेले दोन शब्द पुरे करायला त्याच्या छातीत वारा उरला नव्हता. आक्का उठली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलंही नाही.

"त्याला न्यायचं ऱ्हायलं," ती म्हणाली, आणि आतून दिराला हाताला धरून बाहेर आणलं. "ह्याला ने."

भावानं दिराच्या काखेत हात घातला. वेस काही लांब नव्हती, पण दिराला दोनदा थांबावं लागलं, आणि तो थांबला की भाऊही थांबायचा.